आत्याचं रीळ आणि नव्वद किलोचा शिंगाळा

चाळीच्या जयंतीच्या नाटकांत मी आजवर सावकार, फौजदार, वकील आणि एकदा तर चक्क सरकारी जीप झालो आहे. पण डिलाईल रोडवर अजूनही लोक मला थांबवून विचारतात ते माझ्या शिंगाळ्याच्या, म्हणजे त्या मिशाळ माशाच्या, भूमिकेबद्दल. ती मी आत्यासाठी केली. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी, कमरेच्या पट्ट्याला दोरी बांधून.

माझी आत्या सरकारी इस्पितळात सिस्टर होती. वॉर्डातल्या मोठमोठ्या दादांना तिने इंजेक्शन हातात धरून नुसत्या नजरेने सरळ केलं होतं. निवृत्त झाल्यावर तिने एकच नाद लावून घेतला, रविवारी शिवडीच्या धक्क्यावर जाऊन शिंगाळे धरायचे. तिला काठी नको, दोरी गुंडाळायचं रीळ नको. प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगुसाची, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, गळाला कोळंबी, आणि मासा लागला की हाताने ओढायचा. तिचं मासे धरणं बघायला मी मुद्दाम जायचो. ती पाण्याकडे बघायचीच नाही. दोरी बोटावर ठेवून डोळे मिटून बसायची, पेशंटची नाडी बघितल्यासारखी.

मग ती मोरीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, पण हाताने दोरी ओढणं संपलं. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, विमा कंपनीत आहे. जगात काय काय मोडू शकतं याचा त्याला दांडगा अभ्यास.

"आई, आता बास," तो म्हणाला. "शिंगाळा बाजारात मिळतो."

"भाकरीपण मिळते बाजारात. तरी तू माझ्याच हातची मागतोस."

"आणि परत हात मोडला तर?"

आत्याने दोरीची बाटली उचलून कपाटात ठेवली. आत्याला माघार घेताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. म्हणून मीच मधे तोंड घातलं. काठीला रीळ लावलं तर हाताने ओढायची गरजच काय? आतेभावाने अट घातली, "आई, घरी करून दाखव. जोर करणारा मासा कोणाच्या मदतीशिवाय, हात न दुखवता आण. मग बघू."

मासा कुठून आणायचा? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा माझं वजन नव्वदच्या पुढे होतं.

रिळं आणली माझ्या ऑफिसातल्या मित्राने. हा खोताच्या वाडीतला, वडिलांपासून घरात मासेमारीचा शौक. एका पिशवीत तीन रिळं, दुसऱ्या पिशवीत त्याच्या आईने आत्यासाठी दिलेला केक.

"आंटी, शिंगाळा म्हणजे उड्या मारणारा मासा नाय," तो समजावू लागला. "तो चिखलात जाऊन बसतो. दगडासारखा. आणि मग एकदम..."

"मला नको सांगू, बाळा. मी शिंगाळ्यांना तुझ्या जन्माआधीपासून ओळखते. तू रिळाचं सांग."

पहिलं रीळ पितळी, डालड्याच्या डब्याएवढं. खोल समुद्रातलं. ते काठीवर चढवल्याबरोबर आत्याचा डावा हातसुद्धा वजनाने खाली गेला. मी अजून शेपटीही हलवली नव्हती. ते बाद.

दुसरं नवंकोरं, सोनेरी, नवऱ्या मुलासारखं चमकणारं. वजनाला हलकं. मी गॅलरीतून जोरात निघालो. रिळाला एक ब्रेक असतो, मासा ओढायला लागला की त्याने दोरी थोडी थोडी सोडायची. हा सोडेचना. मग अचानक सुटला, परत अडकला, आणि तटकन दोरी तुटली. मी शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पालथा पडलो.

"मासा गेला," आत्या म्हणाली.

"कुरडयापण गेल्या," काकू म्हणाल्या.

तिसरं राखाडी, कडेला रंग उडालेलं, मधल्या आकाराचं. मित्राने ते शेवटी आणि जरा लाजतच काढलं. मी निघालो, आणि काय सांगू, पाठीला कळलंच नाही की आपण बांधलेलो आहोत. दोरी अशी सुटत होती की मला स्वतःचाच हेवा वाटला. मी थांबलो की रीळही थांबायचं. आत्याने डोळे मिटले. मला कळलं, हेच.

पण आता आत्याने मला ओढून परत आणायचं होतं. काठी डाव्या हातात, रिळाची मूठ उजव्याने फिरवायची. आणि ती मूठ निघाली पेन्सिलीएवढी बारीक. चिमटीत धरून फिरवायला गेल्यावर आत्याच्या तोंडावरून एक कळ गेली. तिने ती गिळली, पण मुलाने पाहिली.

"राहू दे, आई," तो म्हणाला, आणि या वेळी अगदी हळू.

आत्याने काठी माझ्या मित्राकडे दिली. खाली बसली. उजव्या मनगटावरचं क्रेप बँडेज सोडायला लागली.

"अगं आई, ते काढू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय."

"याला जास्त गरज आहे," ती म्हणाली, आणि ते बँडेज रिळाच्या मुठीवर बांधू लागली. तीस-पस्तीस वर्षं माणसं बांधलेले हात ते. एक वेढा दुसऱ्यावर अर्धा चढलेला, कुठे सुरकुती नाही, कुठे ढिलं नाही. बघता बघता मुठीचं मोठं लिंबू झालं. वर चिकटपट्टी लावली आणि तळवा ठेवून पाहिला. आता बोटांचं कामच नव्हतं, नुसत्या तळव्याने ढकललं तरी रीळ फिरत होतं.

"चल रे," ती मला म्हणाली. "पळ."

मी इमानदारीने पळालो असतो तर गोष्ट इथेच संपली असती. पण मला भूमिकेत शिरायची सवय. शिंगाळा काय करेल? दगडाखाली घुसेल. मी गॅलरीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासात घुसलो आणि आतून कडी लावली.

आत्याने ओढलं नाही. ब्रेक जरासा सैल केला आणि दोन पावलं बाजूला सरकली, म्हणजे दोरी दाराच्या कडेवर घासणार नाही. मग वाट पाहत उभी राहिली. बाहेर रांग लागली. आमच्याच मजल्यावरचे एक काका हातात बालदी घेऊन दार वाजवू लागले.

"आत कोण आहे?"

"शिंगाळा," आत्या म्हणाली. "थांबा, येतोच आहे."

मी आलो. काय करतो. बाहेर पडताक्षणी ती कामाला लागली. डाव्या हाताने काठी वर उचलायची, तेव्हा मी एक पाऊल खेचला जायचो. काठी खाली आणताना दोरी ढिली पडायची, तेवढ्यात तळव्याने भरभर गुंडाळायचं. मनगटावर जोर असा यायचाच नाही. मी धडपडलो, कठड्याला धरलं, एकदा तर लोळलोसुद्धा. ती माझ्यावर चिडली नाही, हसली नाही. मी जोर केला की दोरी द्यायची, दमलो की घ्यायची. गॅलरीत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. शेवटी माझं नाक तिच्या चपलांपाशी आलं.

"हात दाखव," मुलगा म्हणाला. तिने दाखवला. त्याने मनगट दाबून, वळवून पाहिलं.

"रविवारी मीपण येणार," तो म्हणाला.

रविवारी शिवडीला भरती चढत होती. मी कोळंबी सोलत होतो, मित्र केक खात होता. रीळ आधी दोनदा कुरकुरलं, मग लांबलचक सुटलं. काठी वाकली. आतेभाऊ ताडकन उठला आणि हात पुढे करून तिच्या मागे उभा राहिला, पडली तर झेलायला. आत्याचं लक्षच नव्हतं. तिने डोळे मिटले, माशाला चिखलापर्यंत जाऊ दिलं, तो बसला तशी बसली, तो उठला तशी उठली. बऱ्याच वेळाने पाण्यावर काळपट पाठ आणि मिशा दिसल्या. शिंगाळा चांगला हातभर होता.

"जाळं धर," ती मुलाला म्हणाली. "काट्यांपासून बोटं लांब ठेव. तुझा कुठला विमा त्याला चालत नाही."

त्याने मासा वर घेतला. पॅन्टवर चिखल, कपाळावर घाम, आणि चेहरा असा की मी त्याला लहानपणानंतर तसा पाहिला नव्हता. आत्या गळाला दुसरी कोळंबी लावत होती. तो तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"आई, आता थोडा वेळ मी धरू का?"

आत्याने दोरी पाण्यात सोडली, तळवा मुठीवर ठेवला आणि परत डोळे मिटले.

"तुझं तू रीळ आण," ती म्हणाली.