ताटाळ्यातला जॅझ

आमच्या ए विंगसमोर टेम्पो उभा राहिला तेव्हा कुंदा समोरच्या बी विंगच्या गॅलरीत गाऊनवर ओढणी टाकून कणीस खात उभी होती. रडारड नव्हती. पुनर्बांधणीच्या कागदांवर आमच्या विंगने सह्या केल्या होत्या, तिच्या विंगने नव्हत्या. त्यावरून इतकी भांडणं झाली होती की निरोपासाठी चांगले शब्द कोणाकडे शिल्लकच नव्हते. तरी ती वरून ओरडली, "दोन वर्षांनी ये गं, मी इथेच आहे!" मी "येतेच" म्हटलं आणि लगेच हमालावर खेकसले, कारण तो माझ्या रेकॉर्डच्या खोक्यांवर घरघंटी चढवत होता.

रेकॉर्ड पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या असतात. आडव्या ठेवून वर वजन टाकलं की त्या वाकतात, आणि वाकलेल्या तबकडीवर सुई होडीसारखी डुलते. हे मी त्या दिवशी चौघांना समजावलं. चौघांनी "हो मॅडम" म्हटलं आणि खोकी आडवीच टाकली. शेवटी मी स्वतः टेम्पोच्या मागे चढले, खोकी उभी केली आणि त्यांना पाठ लावून डोंबिवलीहून टिटवाळ्याला आले.

आता इमारत उभी राहिली आहे, चाव्या मिळाल्या आहेत, आणि कुंदा दर आठवड्याला विचारते, "परत कधी येताय?" आमच्या विंगमधले जे दिव्याला, कल्याणला, वर्तकनगरला पांगले तेही विचारतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्याइतका वेळ मला नाही. म्हणून सगळ्यांना मिळून हे एकच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नोकरीत असताना दुपारच्या सुट्टीत मी फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या रेकॉर्ड चाळायचे. जॅझ मला कोणी शिकवला नाही. एक कव्हर आवडलं, आत ट्रम्पेट निघालं, आणि मी अडकले. त्यातला टापटीपपणा मला आवडतो. आधी सगळे मिळून विषय मांडतात, मग एकेक जण आपलं म्हणणं मांडतो, बाकीचे मागून आधार देतात, कोणी मध्ये तोंड घालत नाही, आणि शेवटी सगळे मूळ विषयावर परत येतात. आमच्या सोसायटीची एक सभा जरी अशी झाली असती तरी बी विंगनेही सह्या केल्या असत्या.

सासूबाईंना मात्र पहिल्यापासून तो पसारा डोळ्यांत खुपायचा. "एवढे तवे घरात, आणि एकावर पोळी भाजता येत नाही," हे वाक्य मी लग्नापासून ऐकते आहे.

त्या फुटपाथवरचा बहुतेक माल देश सोडून गेलेल्यांचा असायचा. कोणी कॅनडाला निघालं, कोणी ऑस्ट्रेलियाला. माणसं जाताना चांदी नेतात, तसबिरी नेतात, रेकॉर्ड ठेवून जातात, कारण वजन फार. कित्येक कव्हरांवर आधीच्या मालकांची नावं शाईने लिहिलेली होती. त्यांचं ओझं मी हौसेने घरी आणत गेले.

टिटवाळ्याला आम्ही भोईरवहिनींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. खाली त्यांचं जुनं घर, मागे विहीर. दोनच वर्षांचा प्रश्न म्हणून आम्ही पडदे शिवले नाहीत, गॅसचा पत्ता बदलला नाही आणि खोकी उघडली नाहीत. नवऱ्याने, म्हणजे सुहासने, निघण्याआधी ती मोठ्या अभिमानाने जाड प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळली होती. "पाण्याचा एक थेंब आत जाणार नाही," म्हणाला होता. दोनाची चार झाली, चाराची सहा. बिल्डर दर दिवाळीला मिठाई पाठवायचा आणि पुढच्या दिवाळीचा वायदा करायचा. मी नवी रेकॉर्ड घेतली नाही, जुनी ऐकली नाही. घरी गेल्यावर ऐकू, असं स्वतःला सांगत राहिले.

भोईरवहिनी येता-जाता खोक्यांकडे बोट दाखवायच्या. "काय गो मॅडम, तुजा यो रुखवत कवा उघडायचा?"

"घरी गेल्यावर, वहिनी."

"मंग हितं काय धर्मशालेन राहतंस?"

मी हसून सोडून द्यायचे. मग सहाव्या वर्षीच्या उन्हाळ्यात खोक्यांमधून ओल्या गोणपाटासारखा वास येऊ लागला. मी सुरी घेतली आणि प्लॅस्टिक फाडलं. आतली कव्हरं एकमेकांना चिकटली होती आणि तबकड्यांवर पांढरी बुरशी धरली होती. सुहास माझ्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "पण पाणी नाही ना गेलं आत?" नाही गेलं. आत होती ती दमट हवासुद्धा बाहेर गेली नव्हती. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

वाचवायचं तर लगेच धुवायला हवं होतं. वहिनींनी विहिरीजवळची फरशी झाडून दिली. थंड पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकायचे, मऊ कापडाने रेघांच्या दिशेने गोल पुसायचं, मधला कागद कोरडा ठेवायचा. विहिरीचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं, म्हणून शेवटचा हात बॅटरीत घालतात त्या पाण्याचा. ते आणायला सुहासला पिटाळलं, त्याचं तोंड समोर नको होतं म्हणूनही. धुतलेल्या रेकॉर्ड वाळवायच्या कशात हा प्रश्न आला तेव्हा सासूबाई स्वतः उठल्या आणि भिंतीवरचं ताटाळं रिकामं करून सावलीत घेऊन आल्या. "तवे आहेत तर तव्यांसारखेच घासू," म्हणाल्या आणि पदर खोचून बसल्या. आमच्या तिघींमध्ये त्यांचा हात सर्वांत हलका होता.

कव्हरं मात्र गेली. एक फाटकं कव्हर वहिनींनी उचललं. "यावर कोनाचा नाव हाय?"

"डॉरिस म्हणून कोणी होती. ऑस्ट्रेलियाला गेली, असं रेकॉर्डवाला म्हणाला होता."

"परत नाय आली?"

"कशाला येईल?"

वहिनींनी कव्हर कचऱ्याच्या ढिगात टाकलं. मी ते परत उचललं नाही. लगदा झालेला कागद जपून काय करायचं? पण त्यानंतरच्या कव्हरांवरची नावं मी टाकण्याआधी वाचत होते, हे खरं.

तबकड्या बहुतेक वाचल्या. आता वाजवायच्या म्हटलं तर वरच्या मजल्याचा स्लॅब पातळ. सासूबाई स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आल्या की सुई उडी मारायची आणि सॅक्सोफोनवाला वाक्य अर्धवट टाकून पुढे पळायचा. "आता चालणंही बंद करू का?" त्या विचारायच्या. वहिनींचा मुलगा तेव्हाच कल्याणच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. त्याची खालची खोली मोकळी होती, थेट जमिनीवर, शहाबादी फरशीची. मी प्लेअर तिथे नेला. सुई हलली नाही.

तेव्हापासून दुपारी आम्ही तिघी तिथे बसू लागलो. वहिनी जवळा निवडायच्या आणि मतं द्यायच्या. एकट्या बासची, म्हणजे त्या घुमणाऱ्या थोरल्या व्हायोलिनची, पाळी आली की, "याचे पोटान दुखतंय काय गो?" ट्रम्पेट आलं की हात थांबायचे. "यो आमचे हलदीला आला असता तर सकाळपरत कोनी घरा नसता गेला." सासूबाईंना ढोलकी नसलेलं काहीच पटत नाही, पण ड्रमवर नुसते ब्रश फिरवणारा एक माणूस त्यांना आवडतो. "हा तांदूळ छान पाखडतो," म्हणतात.

आणि मग चाव्या मिळाल्या.

चौदाव्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये मी रेकॉर्डच्या कपाटासाठी जागा बघत होते तेव्हा फर्निचरवाल्याने भिंतीवर टकटक केलं. पोकळ वाजली. "मॅडम, ही भिंत लोड घेत नाही. टीव्ही लावा, शोपीस ठेवा. रेकॉर्डचं वजन जमणार नाही. आणि आता सगळं मोबाइलवर आहे ना?"

सुहासने तडजोड सुचवली. "थोड्या निवडून ठेव, बाकीच्या देऊन टाक."

"कोणत्या देऊ?"

"ते तू ठरव."

"मी ठरवलं. एकही नाही."

"म्हणजे थाळ्यांसाठी घर सोडायचं?" त्याचा आवाज चढला. "इतकी वर्षं वाट पाहिली, ती कशासाठी?"

सुहास डोंबिवलीत जन्मला, त्याच गल्लीत वाढला. त्याचं दुःख खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण मी त्याला म्हटलं, या हॉलमध्ये आपण नेमके कुठे राहत होतो ते दाखव. त्याने खिडकीतून खाली पाहिलं. आमची जुनी खोली होती तिथे आता गाड्या लागतात. सासूबाई आदल्या दिवशीच बोलल्या होत्या, "चौदाव्या मजल्यावरून मी भाजीवाल्याला हाक कशी मारू? तुम्ही जा, मी भोईरणीकडे राहते."

सुहास अजून फुगलेला आहे. दर रविवारी एकटाच डोंबिवलीला जातो, मित्रांबरोबर मिसळ खातो आणि परतल्यावर तिथे किती छान वारा येतो ते मला ऐकवतो. येऊ दे. तो फ्लॅट आम्ही एका नव्या जोडप्याला भाड्याने दिला आणि इथे वरच्या मजल्यावरून खाली आलो. कुंदा, तुला हे कोरडं वाटेल. पण परत जायचं म्हणून मी सहा वर्षं एक सूर ऐकला नाही. घर म्हणजे काय ते मला विचारशील तर जिथे मी पुढच्या दिवाळीची वाट न बघता आज दुपारी रेकॉर्ड लावते, ते. याहून खोल मला जाता येत नाही.

रेकॉर्डच्या फळीसाठी भिंतीत कडप्पा बसवायची परवानगी मागितली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "फोड भिंत. पन मंग जायाचा नाय." गवंड्याने मात्र शहाणपणा केला. भाड्याचं घर आहे, लोखंडी रॅक स्क्रूवर लावू, जाताना काढता येईल, म्हणाला. मी त्याला सांगितलं, कडप्पा भिंतीत चांगला वीतभर आत घे आणि सिमेंटमध्ये पक्का कर. त्याने पक्का केला आणि आठ दिवस पाणी मारायला सांगून गेला. तोवर वजन ठेवायचं नाही. त्यामुळे सध्या रेकॉर्ड पलंगावर उभ्या आहेत, आम्ही नवरा-बायको खाली सतरंजीवर झोपतो, सुहासची कंबर धरली आहे, आणि नळाला पाणी नसल्यामुळे मी विहिरीवरून बादल्या आणून भिंतीला पाजते आहे. फोन करायचा तर दुपारी कर. सकाळ-संध्याकाळ माझे हात ओले असतात.