आईच्या कॉलेजचा इतिहास

"मले जानं शे," असं आई एकदा म्हणाली की विषय संपला. नवापूरच्या डोंगरातलं तिचं छोटंसं ख्रिस्ती अध्यापिका कॉलेज आपला इतिहास लिहून काढतंय. पहिल्या तुकडीच्या फोटोतली नावं सांगायला तिला बोलावलं होतं. आई ऐंशीची, गुडघे त्याहून म्हातारे.

जायचं असेल तर नंदुरबारहून सकाळची पॅसेंजर धरा. नवापूरला उतरल्या उतरल्या खमण खाऊन घ्या, पुढे चहासुद्धा मिळत नाही. रिक्षावाल्यानं जाऊन-येऊन पाचशे मागितले. मी घासाघीस करणार तोच आईनं डोळे वटारले.

कॉलेज म्हणजे तीन कौलारू खोल्या, एक लांबट प्रार्थनाघर आणि विहीर. आई प्रत्येक दाराशी थांबत होती. "इथं नागलीच्या भाकरी थापायचो. इथं मैत्रिणी माझी वेणी घालून द्यायच्या." लहानपणापासून ऐकलेली ती जागा बघून मलाच भरून आलं. फोटोतल्या अकरा जणींची नावं तिनं घडाघडा सांगितली.

"बाई, एखादी आठवण?" तरुण प्राचार्यांनी विचारलं. "बाकीच्यांनी लिहिलंय, सगळ्या बहिणींसारख्या राहायचो."

आईनं फोटोतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "रेबेका आहे का हो अजून?" रेबेका तिच्या खोलीत राहायची.

रेबेकाबाई जवळच्याच पाड्यावर राहतात. प्राचार्य आम्हाला तिथं घेऊन गेले. दोघी हात धरून बसल्या, रडल्या, प्रार्थनेची जुनी गाणी म्हणाल्या. तेवढ्यात रेबेकाबाईंनी सुनेला दुकानात पिटाळलं आणि पाण्याची सीलबंद बाटली मागवली. "तुला आमचं चालत नाही ना," त्या अगदी मायेनं म्हणाल्या.

आईचा चेहरा पडला. मग तिनंच सांगितलं. तापीकाठच्या गुजर घरातली ही, कॉलेजची दोन्ही वर्षं पाण्याची कळशी वेगळी ठेवायची आणि आदिवासी रेबेकाला त्या कळशीला हात लावू द्यायची नाही. आईच्या इतक्या गोष्टी ऐकल्या, पण ही कधीच ऐकली नव्हती.

"घरातलं दे," आई म्हणाली. माठातलं पाणी दोन पेले प्यायली आणि प्राचार्यांकडे वळली. "माझी आठवण हीच. कळशीची. लिहून घ्या."

"जाऊ दे गं," रेबेकाबाई म्हणाल्या. "सर, लिहा, बहिणींसारख्या होतो."

"नव्हतो," आई म्हणाली.

परवा प्राचार्यांचा फोन आला. पुस्तकात रेबेकाबाईंचंच वाक्य जाणार, त्यांनी तसा हट्टच धरलाय. संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली. "तू लिखस ना मोबाइलवर? मंग तू लिख. मन्हं नाव बी टाक."

तिचं नाव हिराबाई.