लातूरचा म्हणून वाटलेला मसाला

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसले होते. सुधाकरदादा, माझा मामेभाऊ, बँकेतला साहेब... नांदेडच्या दवाखान्यात पहाटेच गेला. तिखटाच्याच हातानं डोळे पुसले आणि अशी आग झाली की रडू कशाचं अन् आग कशाची, कळेना. आता महिना होऊन गेला. पुण्यानुमोदनाला सगळे त्याच्याबद्दल चांगलंच बोलले. बोलावंच. मी मात्र गप्प बसले, कारण माझ्या तोंडून चांगलं निघालं नसतं.

आमच्या बौद्ध वस्तीतून साहेब झालेला तो पहिलाच. शाळेसाठी आमच्याकडं नायगावला राहिला. माझ्या आईनं आपल्या ताटातली भाकरी त्याला वाढली. लातूरच्या शाखेत बरीच वर्षं काढून तो मॅनेजर म्हणून नायगावला आला, तेव्हा वस्तीत पेढे वाटले होते. बायका म्हणायच्या, आता आपला माणूस खुर्चीत बसला, आता कुणी दारातून परत लावणार नाही. मलाही तेच वाटलं. किती खुळी मी!

मी काळा मसाला करते, आमटीला लावायचं येसर करते. भाजायचं माझ्या चुलीवर, पण कुटायचं दुसऱ्याच्या कांडप मशीनवर. तो मालक आमच्या वस्तीचा नंबर सगळ्यात शेवटी लावतो, आणि सणाच्या तोंडावर तर पुढच्या आठवड्यात या म्हणून वाटेला लावतो. नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक असतं. स्वतःचं मशीन असतं तर... म्हणून कर्जाचा अर्ज घेऊन दादाच्या केबिनमध्ये गेले. त्यानं चहा सांगितला, अर्ज वाचला, चष्मा काढला. जामीनदार कोण, घर कुणाच्या नावावर, असलं काही विचारेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तो म्हणाला, "मशीन येईल गं शोभा. पण तुझ्या हातचं तिखट गावात कोण घेईल?"

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी लई भांडले असते. आईच्या हातचं खाऊन वाढलेल्याशी काय भांडायचं? मी म्हटलं, मुखेडच्या बाजारात तर संध्याकाळी एक पुडी उरत नाही. तो खाली बघत म्हणाला, "तिथं तुला कुणी ओळखत न्हाई." अर्ज त्यानं पुढं पाठवलाच नाही.

आणि तरी दर महिन्याला माझ्याकडून मसाला मात्र न्यायचा, चांगली पिशवीभर. घरात दोनच माणसं, एवढं तिखट खातं कोण, असं मी चिडवायची. तो नुसता हसायचा. राग होताच, पण नातं तोडायचा जीव झाला नाही. मला वाटायचं, मनातून त्याला माझं कौतुक असेल.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनींनी जेवायला थांबवलं. शेजारी त्याच्या बँकेतले एक क्लार्क बसले होते. भाजीचा घास घेतला आणि खूश होऊन म्हणाले, "हाच तो मसाला. साहेब आम्हा सगळ्यांना द्यायचे. लातूरच्या एका दुकानातून मागवतो म्हणायचे. आता त्या दुकानाचं नाव कुणाला विचारावं?"

मी हातातला घास ताटात ठेवला. माझा मसाला बँकेतल्या सगळ्यांच्या घरी जात होता, आवडत होता, आणि दादाला ते ठाऊक होतं. फक्त माझं नाव त्यानं पुसून टाकलं होतं. परक्यानं फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. आपल्याच माणसानं केलेलं कुठं सांगायचं?

मी क्लार्कना सांगितलं, मसाला लातूरचा नाही, माझा आहे, इथल्या वस्तीतला. त्यांनी एकदा ताटाकडं बघितलं. मग जेवले, माझा नंबर घेतला, फोन करतो म्हणाले.

काल मसाला कुटून आणला आणि सवयीनं दादाची पिशवी वेगळी भरली. भरून झाल्यावर लक्षात आलं. ती फळीवर तशीच आहे. क्लार्कचा फोन अजून आलेला नाही. कामात असतील... मी रोज बघते. दादा, तुझ्यावरचा राग जात नाही, जाणारही नाही. पण एवढं एक कर. खरा ठरू नकोस.