सुशिलाबाईची बासी

धुकं इतकं दाट होतं की गोंदियाजवळच्या फुलचूर गावातल्या गल्लीत समोरचं घरही दिसत नव्हतं. सुशिलाबाई अंगणात शेगडीजवळ बसून, बिड्यांसाठी रात्री भिजवलेला तेंदूपत्ता कैचीनं कापत होती आणि सुनेला शिव्या देत होती. दोन्ही कामं एकाच वेगानं.

"रेणू, माही बासी कुठं लपवली वो?"

"गाईले टाकली."

"तुह्या बापानं धाडला होता का तांदूर?"

नवरा गेल्यावर बिड्या वळून तिनं एकटीनं मुलाला, ओमेशला वाढवलं होतं. कोणाचं ऐकायची सवय तिला कधी लागलीच नाही. २००१ मध्ये शुगर निघाली, डॉक्टरनं भात कमी करायला सांगितला, तेव्हा तिनं आपलं डोकं चालवलं. पत्ता रातभर भिजला की त्याचा रंग पाण्यात उतरतो. मग भाताची साखरही उतरणारच! तेव्हापासून रात्रीचा भात भिजवायचा, सकाळी पाणी ओतून द्यायचं आणि तीच शिळी, गंजभर बासी मिरचीसंगं हाणायची. तपासणी जवळ आली की दोन दिवस उपास आणि कारल्याचा रस. आकडा बरा यायचा. मग तो कागद ती रेणूच्या नाकासमोर नाचवायची. गोळ्या कोठीमागे फेकलेल्या असायच्या.

आज बोलता बोलता कैची थांबली. एवढ्या थंडीत सुशिलाबाईचं कपाळ घामानं भिजलं, श्वास पुरेना.

"काय झालं? छातीत दुखून राहिलं का?" रेणूनं विचारलं.

"कायी नाही दुखत. गॅस होय. तुह्या हातचं खाऊन दुसरं काय होईन?"

ओमेश मिलमध्ये कामावर होता. रेणूनं रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवला आणि सासूला दंडाला धरून आत कोंबलं.

"पाहा वो जमुनाबाई, मले माराले नेऊन राहिली!" सुशिलाबाई धापा टाकत ओरडली. शेजारच्या जमुनाबाईनं तिची राहिलेली चप्पल तेवढी आणून दिली.

गोंदियाच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाला, "आजी, हा अटॅक आहे."

"दुखलं नाही त कायचा अटॅक?"

"साखरेनं नसा बधिर झाल्या, दुखणार कसं? हृदयाच्या रक्तनळ्याही तिनंच आतून खराब केल्या, वर्षानुवर्षं." मग त्यानं तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी करवली. ती तपासणी दोन दिवसांच्या उपासानं फसणारी नव्हती; आकडा खूप चढलेला निघाला. रेणूनं बासीचंही सांगून टाकलं.

"भात पोटात जाऊन स्वतःच साखर होतो," डॉक्टर चिडला. "पाणी ओतून काय जाणार? असंच चाललं तर पुढचा अटॅक सोडणार नाही."

"चुगलखोर," सुशिलाबाई सुनेला म्हणाली.

काही दिवसांनी दवाखान्यातून घरी आल्यावर रेणूनं ताट ठेवलं. वाटीभर भात, वरण, ढीगभर भाजी, बाजूला गोळ्या.

"एवढ्यानं कावरा-चिमणी तरी जगंन का?"

"कावर्‍याले शुगर नाही."

"उपाशी मारशीन तू मले."

"माराचंच असतं त ऑटो कायले थांबवला असता?"

सुशिलाबाईला आणखीच राग आला. तिनं गोळ्या गिळल्या, तोंड उघडून जीभ बाहेर काढून सुनेला दाखवली आणि जेवली.

"भाजीत मीठ नाही," ती म्हणाली, ताट ढकललं आणि उद्याच्या भाजीसाठी सुपातल्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या.