मी बापाला हसले

पडद्यावर आमचं घर आलं. सरकारी, स्लॅबचं. उघड्या दारातून आत रचलेला कडबा दिसत होता. समोर पत्र्याचं शेड, आणि शेडच्या तोंडाशी पाठमोरा बसलेला माणूस. बनियनला खांद्यावर ठिगळ. ते ठिगळ मी लावलेलं होतं. तो माझा बाप होता.

मी नांदेडला एम.ए. करत होते. पेपर ‘जागतिकीकरण आणि आंतरराष्ट्रीय विकास’. फोटो सरांनी कुठल्याशा अभ्यासदौऱ्यात काढलेला. सर म्हणाले, “भूकंपानंतर जगभरातून मदत आली. यांना पक्की घरं बांधून दिली. आणि हे बघा. घरात कडबा, माणसं पत्र्यात.”

मागून कुणीतरी म्हणालं, “कडब्याची चैन आहे, सर!”

अख्खा वर्ग हसला. मीही हसले.

खोटं कशाला सांगू? भीतीनं हसले. बारावीला लातूरला क्लास लावला होता, तेव्हा माझा भूकंपग्रस्ताचा दाखला बाकावर विसरला. दुसऱ्या दिवसापासून माझं नावच ‘भूकंप’. “ए भूकंप, सरक तिकडं.” “भूकंपाला काय, मार्क फुकट.” डॉक्टर-वकिलांची पोरं ती. तेव्हापासून कुणी गाव विचारलं की मी नुसतं ‘औशाकडची’ म्हणायचे. बौद्धवाडा तर तोंडातून काढायचेच नाही. नांदेडला हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यात माझ्या लघुप्रबंधाला हेच सर मार्गदर्शक. त्यांची सही नसली तर वर्ष बुडणार होतं.

शनिवारी गावी गेले. जेवताना बापाला सगळं सांगितलं. हसले, तेही सांगितलं. वाटलं, ताटावरून उठून जाईल.

तो म्हणाला, “भ्याली असशील.” मग भाकरी मोडत म्हणाला, “म्या बी हसलो व्हतो. घराची चावी घेताना, सायबाम्होरं.”

“स्लॅब नको व्हता, तर बोलला का न्हाई?”

“इचारलं कुणी? नवं गाव आखलं, आपला वाडा पुन्यांदा शेवटालाच ठिवला. तवा तरी इचारलं का? पत्रा पडला तर माणूस जखमी होतंय. वरून जड पडलं की संपलं. तुजी माय तिसऱ्या दिवशी सापडली.”

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. डोक्यावर हातभर मातीचा थर. आई त्याखाली गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाप त्यानंतर जड छताखाली एकदाही झोपला नाही.

‘विकासातला लोकसहभाग’ या प्रश्नाला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला होते. पुस्तकातलं घोकून लिहिलं होतं. ज्याला कधी कुणी काही विचारलं नाही, तो माणूस दुसऱ्याच्या रानात राबून मला शिकवत होता. आणि मी त्यालाच हसले. माझी मलाच किळस आली.

सोमवारी सरांनी खोलीत बोलावलं. “तुझा विषय ठरवलाय. लाभार्थींची मागास मानसिकता. तोच फोटो वापर.”

मी म्हणाले, “सर, त्या फोटोतला माणूस माझा बाप हाय.”

ते हसून म्हणाले, “मग तर सोपंच झालं. मुलाखत घरबसल्या मिळेल.”

या वेळी मी हसले नाही. “हा विषय मी करणार न्हाई.”

“मग सही दुसऱ्या कुणाची तरी शोध. तुम्हा लोकांना दिलेलं वापरता येत नाही, हेच खरं.”

“काय दिलं आन् कुणाला इचारून दिलं, तेच लिहिणार हाय, सर.”

व्हरांड्यात आले. मी शूर वगैरे काही नव्हते. वर्ष बुडालं तर बापाला काय सांगायचं, ही भीती छातीत होतीच. अजूनही आहे. ती जायची मी वाट बघणार नाही. वाड्यातल्या एकेका घरी जाईन. तुम्हाला काय हवं होतं, हे विचारीन. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहीन. सही मिळो न मिळो. आणि पहिल्या पानावर माझं नाव, माझं गाव, माझा वाडा घालीन. मग ज्याला हसायचं असेल त्यानं माझ्या तोंडावर हसावं.