सिलतऱ्याच्या काट्यावरचं वायफाय

“आपकी दुकान में चलता है, यहाँ नहीं चलता. मतलब मैडम ही बंद करती है,” मॅनेजर म्हणाला.

सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका स्पंज आयर्न प्लांटच्या म्हणजे लोखंडाच्या कारखान्याच्या काटाघरात आम्ही तिघं होतो: मॅनेजर, मॅडम आणि लॅपटॉप दुरुस्त करणारा मी. काटाघर म्हणजे ट्रकचं वजन करतात ती केबिन. ट्रक काट्यावर चढला की वजन लॅपटॉपवर येतं आणि वायफायनं ऑफिसात जातं. ते जाणं वरचेवर बंद पडत होतं. मग वजनात गडबड करायला नेट मुद्दाम बंद केलं जातं, असा मॅनेजरला संशय आला. आला तो थेट काट्यावर बसणाऱ्या संगीता मेश्रामवर. उद्यापासून तुम्ही इथे नाही, असं तिला ड्रायव्हरांच्या देखत सुनावूनही झालं होतं.

संगीता मूळची भंडाऱ्याकडची. माझं मराठी ऐकलं आणि तिनं हिंदी सोडून दिली.

“भैया, मी काहून बंद करीन? मले काय भेटते त्यातून?”

तिच्या अडचणीत माझाही हातभार होता. लॅपटॉप आधी शहरात, तात्यापाऱ्यात माझ्या दुकानी आला होता. मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. ड्रायव्हर म्हणजे वायफायचं कार्ड कसं चालवायचं हे विंडोजला सांगणारं सॉफ्टवेअर. सिग्नल फुल आला, मी परत पाठवला. पण माझा राउटर टेबलावरच असतो, आणि इथला ऑफिसच्या भिंतीवर, अंगणापलीकडे.

आता माझ्या मोबाइलवर फुल सिग्नल, लॅपटॉपवर एक दांडी. तीही गेली. लॅपटॉप उचलून मी राउटरखाली नेला, सगळ्या दांड्या आल्या. परत आणला, गायब.

“साहब, अभी तो मेरे हाथ में था. मैडम ने कब बंद किया?”



वायफाय कार्डापासून स्क्रीनभोवतीच्या अँटिनापर्यंत दोन बारीक वायरी जातात. त्या निघाल्या की कार्ड बहिऱ्या माणसासारखं होतं, कानाशी ओरडलं तरच ऐकतं. मी खालचं झाकण उघडलं. दोन्ही वायरी लोंबत होत्या, आणि आत काळी भुकटी.

“इसमें हवा कौन मारता है?”

प्लांटमध्ये कॉम्प्रेसरच्या हवेचा पाईप हाच झाडू. शिफ्ट सुटली की माणसं त्यानंच कपडे, जोडे, डोकंसुद्धा झटकतात. मशीनसाठीची ती जोराची हवा, लॅपटॉपच्या बारीक वायरी निघणारच!

संगीता जमिनीकडे बघत राहिली. उत्तर मॅनेजरनं दिलं.

“मैं ही मारता हूँ. रोज सुबह, नीचे की जाली से. धूल देखी नहीं जाती.”

“ताई, तुम्ही बोलल्या काहून नाही?”

“बोलली ना भैया. म्हणे, तुम अपना काम देखो.”

माझं डोकंच फिरलं, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. ब्रशनं भुकटी काढली, वायरी दाबून बसवल्या, वरून टेपची पट्टी लावली. सिग्नल आला. पुढच्या ट्रकचं वजन ऑफिसात पोचल्याचा फोनही आला.

“चलो, हो गया,” मॅनेजर म्हणाला. “मैडम, कल से यहीं बैठना. बात खतम.”

“खतम नहीं हुई सर.” संगीता खुर्चीवर बसली नाही. “ड्राइवरों के सामने बोला था ना? अब उनके सामने ही बोलिए.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी स्क्रू लावायला घेतले. लॅपटॉपला स्क्रू बरेच असतात.

शेवटी त्यानं खिडकीची काच सरकवली. बाहेर ड्रायव्हर बिड्या ओढत उभे होते.

“सुनो भई. लैपटॉप हमसे बिगड़ा था. मैडम की कोई गलती नहीं थी.”

 एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, “हमको तो पहले से पता था साहब. आप ही को नहीं था.”

संगीतानं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “हव, चढाओ गाड़ी.”

तेव्हा वायफाय फक्त राउटरजवळच चालत असेल, तर आधी झाकण उघडून अँटिनाच्या वायरी बघाव्यात. माणसावर संशय घ्यायला नंतरही वेळ मिळतो.