सोन्याचं पाणी

१९६३ साली सरकारने सोन्यावर निर्बंध आणले आणि शहाद्याच्या चुडामण सोनाराची शेगडी थंडावली. मग तो पितळी माळांवर सोन्याचं पाणी चढवू लागला. लग्नसराईत त्या हातोहात खपल्या. कामाला सायनाइड लागे. उरलेलं पाणी तो परसात ओतून देई.

एका दुपारी तिथे साचलेल्या डबक्यात तोंड घातलेली शेळी जागीच कोसळली. बायको धनुबाई परसाच्या कडेच्या विहिरीकडे बोट दाखवत म्हणाली, "आपली विहीर तठेच शे!"

चुडामण तसाच उठून विहिरीवर गेला. घागर घेऊन येणाऱ्या गल्लीतल्या प्रत्येकीला तो सांगू लागला, "हाई पानी पेऊ नका. मी जहर वतेल शे."

ते काम त्याने कायमचं सोडलं. पण गल्लीत कुणाचं पोट दुखलं, की लोक त्याच्या दाराकडे बघत.